फकिराच्या मोरीचं पाणी

हे मी सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही, आणि पटलंच तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल. मेलेल्या माणसाच्या आवाजात ग्रामपंचायतीशी बोललेला माणूस निफाड तालुक्यातच काय, सगळ्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे. तो तुमच्यासमोर कांद्याच्या चाळीत पालथ्या पाटीवर बसलाय. बहिरूनाना म्हणतात त्याला.

हसा. दीपक, तू तर पोट धरून हस. नामपूरहून पिकअप घेऊन आलास आणि आमच्या काळ्या मातीने तुझी गाडी रोडलाच थांबवली. पावसाने उघडीप दिली, वाट जरा आवळून घट्ट झाली, की भरू कांदा. तोवर या बाया निवडतायत, कोंब आलेला इकडे, सडका तिकडे. त्यांच्यात ती माझी सून लताबाई. ती मान वर करणार नाही, पण कान तिचे इकडेच असतात.

तर आमच्या गावात गोजराबाई आहे. गल्लीच्या शेवटाला घर, घरामागे अळवाचं बन. येताना तुला दिसलं नसेल, कारण त्या अंगाने कुणी जात नाही. पानं केवढी म्हणशील? गेल्या साली माझी शेळी सुटली. सगळं गाव पालथं घातलं. ती तिथं एका पानाखाली रवंथ करत बसलेली, वरून पाऊस धो धो, आणि हिच्या अंगावर थेंब नाही. काय म्हणतोस? हाई खरं शे का? शेळी आहे अजून, तिलाच विचार.

ते अळू लावलं गोजराबाईच्या नवऱ्याने, फकिराने. माझा दोस्त. पाटाच्या पाण्यावर त्याचा जन्म गेला. कुणाची पाळी कधी, कुठली चारी फुटली, कुठं बांध घालायचा, हे त्याला झोपेतही कळायचं. बोलायला कमी, पण पाणी वाया गेलेलं दिसलं की त्याला जेवण जायचं नाही. अंघोळीचं, भांड्याधुण्याचं पाणी लोक गल्लीत सोडतात ते बघून तर त्याच्या पोटात दुखायचं. त्याने आपल्या मोरीच्या भोकाला सिमेंटचा पाइप जोडला, भिंतीतून मागं काढला आणि पाइपाच्या तोंडाशी अळवाचे कंद पुरले. मग काय, गौरी-गणपती असो की पितरांचा पंधरवडा, सगळ्या गावाला पानं तिथूनच. गोजराबाई विळ्याने कापायची, फकिरा पायरीवर बसून बघायचा. पैसे घ्यायचा नाही. घरी नेऊन पान वाळवू नका, एवढंच म्हणायचा.

मग तो गेला. श्रावणात, जेवणावरून उठला, हात धुतला, उंबऱ्यात टेकला तो टेकलाच.

पाऊस असा की अंगणात घोट्याएवढं पाणी. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मयताला अंगणात, आभाळाखाली न्हाऊ घालायचं. शेजारी खड्डा घ्यायचा, ते पाणी त्यात जिरवायचं, वर माती लोटायची. ते कुणी ओलांडू नये, ते कुठं वाहून जाऊ नये. पण त्या दिवशी खड्डा घ्यावा तर कुदळीच्या मागोमाग तो भरतोय. शेवटी आम्ही फकिराला उचलून मोरीत नेलं. चिमणाबाई म्हणून गल्लीतली सगळ्यात जुनी बाई, तिने बजावलं की भोकात चिंध्यांचा बोळा घाला, पाणी घमेल्याने उपसून ठेवा, उघडीप झाली की पुरा. बोळा मी घातला. या अंगठ्याने दाबून बसवला. यात तिखटमीठ नाही.

तिरडी बांधली, फकिराला बाहेर घेतलं, आणि चिमणाबाईने मोरीत डोकावलं. मोरी कोरडी. बोळा कडेला, कुणी पिळून ठेवल्यासारखा. फकिराचं शेवटचं पाणी पाइपातून अळवाला गेलं होतं.

चिमणाबाई तिथंच कानाला हात लावून बसली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, पण मयत दारात असताना असल्या चौकशा कोण करतो?

पुढे बऱ्याच दिवसांनी गोजराबाईने मला सांगितलं की बोळा तिनेच काढला. म्हणाली, "जल्मभर त्यांनी पान्याला वाट करून दिली, नाना. त्यांचंच पानी मी खड्ड्यात कोंडू व्हय?"

तिथून ते अळू पिसाळलं. आधी कमरेएवढं होतं, ते भिंतीच्या वर गेलं. देठ मनगटाएवढे, आणि रंग हिरवा नाही, काळपट, जुन्या तांब्यासारखा. त्या साली पितरांना पान मागायला कुणी आलं नाही. लोकांनी निफाडच्या बाजारातून विकत आणलं. गावात बोलणं सुरू झालं की फकिरा काही गेला नाही, तो मुरला.

तुम्ही म्हणाल, लोकांना काय, तोंड आहे. मलाही तसंच वाटायचं. पण पुढच्या उन्हाळ्यात टाकीला पाणी नव्हतं, नळ कोरडे, बाया लांबून हंडे आणत होत्या, माणसं ओल्या फडक्याने अंग पुसत होती. गावातलं झाड न् झाड माना टाकून उभं. आणि गोजराबाईच्या घरामागे माती ओली. नुसती ओली नाही, पाय ठेवला तर चपलेखाली दबायची आणि पाय उचलला की श्वास घेतल्यासारखी वर यायची.

अजून एक सांगतो. गोजराबाई भर दुपारी मोरीत भांडी घासायची आणि बोलायची. एकटी बाई एकटी बोलते, त्यात काही नाही. कांदा कितीने गेला, कुणाची म्हैस व्याली, हेच सगळं. पण मधे ती थांबायची. आपण फोनवर समोरच्याला जागा सोडतो ना, तशी. ऐकायची, मान हलवायची, मग पुढे बोलायची. एकदा मी मागच्या बाजूला उभा होतो. वारा म्हणाल तर दोरीवरचं फडकंसुद्धा हलत नव्हतं. ती आत बोलत असली की अळू गप्प. ती थांबली की पानं पानांवर घासायची. पुन्हा ती बोलायला लागली की गप्प.

ते मी केलेलं नाही. ते काय होतं मला माहीत नाही. जे मी केलं तेवढंच मी केलं म्हणतो.

आता ग्रामपंचायतीकडे येतो. आमचा सरपंच संतोष. फकिराचा सख्खा पुतण्या. पोरगा चांगला आहे, पण दोन पावसाळ्यांमागे त्याच्या पोरीला, हर्षालीला, डेंग्यू झाला. नाशिकला दवाखान्यात पोर हातची जाता जाता राहिली. ती घरी आली, पण संतोष काही पहिल्यासारखा झाला नाही. कुठं वाटीभर पाणी साचलेलं दिसलं तरी थांबायचा, लाथेने सांडायचा. बोलताबोलता त्याची नजर तुमच्या पायाखालच्या ओलीवर जायची.

त्याने ग्रामसभेत ठराव आणला. आमच्या ग्रामसेविका मनीषा मॅडम, त्या इगतपुरीकडच्या, त्यांनी तो नीट बसवून दिला. प्रत्येक घराचं सांडपाणी शोषखड्ड्यात गेलं पाहिजे. ज्याला ते परसबागेला द्यायचं त्याने आधी गाळण करायची, खडी, वाळू, वर जाळी. पाणी उघडं दिसता कामा नये. पाणी समिती येऊन बघणार, मग मंजुरी देणार. केळ चालेल, नारळ चालेल, कर्दळ चालेल. पालेभाजी चालणार नाही, कारण साबणाचा अंश पानातून पोटात जातो. न ऐकणाऱ्याचा नळ तोडायचा. ठराव वाईट नव्हता. मी हात वर केला होता.

फक्त आमच्या काळ्या मातीला ठराव कोण समजावणार? उन्हाळ्यात भेगा, पावसात लोणी. पहिल्याच पावसात गावातले निम्मे शोषखड्डे लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या म्हाताऱ्यांसारखे ढेकर द्यायला लागले. तरी लोकांनी खड्डे घेतले. गल्ली कोरडी झाली, डास कमी झाले, खोटं कशाला बोलू?

राहिली गोजराबाई.

समिती तिच्या मागच्या दारी गेली. बनाच्या तोंडाशी थांबली, आत कुणी शिरेना. मनीषा मॅडमनी बाहेरूनच सांगितलं की पाइपाच्या तोंडाशी पाणी उघडं आहे आणि अळू ही पालेभाजी आहे, दोन्ही नियमात बसत नाही. गोजराबाई म्हणाली की खातं कोण ते? ज्याला कुणी तोंड लावत नाही ती भाजी कशी? मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

मग संतोषने हळू आवाजात तिची समजूत घातली. पाइप मोरीपाशीच बंद करू, पाणी पुढच्या बाजूच्या खड्ड्यात घेऊ, काम सगळं मी करून देतो, तुला हात लावायला नको.

गोजराबाई म्हणाली, "मंग ते कुठं जातील?"

कुणी विचारलं नाही की ते म्हणजे कोण. एकाने घसा साफ केला. एक जण मोबाइल बघायला लागला.

"काकू," संतोष म्हणाला, "माझी पोर मरत व्हती."

"मला ठाऊक हाय बाबा. मी उपास धरला तिच्यासाठी. अजून सोडला नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "पन तिच्यापायी यांना घराबाहेर नको काढू. एवढं पानीच राहिलं हाय त्यांचं माझ्याकडं."

आता सांगा, यात कोण चुकलं? मी तर दोघांच्या मधोमध उभा होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. असं झालं की माणसाने घरी जावं. मी गेलो.

तिचा नळ तोडला. तिने विहिरीचं पाणी शेंदून आणायला सुरुवात केली. वय झालेलं, कंबर वाकलेली. प्यायला मोजकं, स्वयंपाकाला मोजकं, आणि मोरीत मात्र पहिल्याइतकंच. हंडा मोरीच्या कडेला ठेवायची, आधी अंगावर घ्यायची, मग मोरी धुवायची, शेवटी तांब्याभर नुसतंच भोकात सोडायची. कुणाला तरी पाजल्यासारखं. चिमणाबाईने एकदा बघितलं आणि तेव्हापासून ती आपलं गल्लीकडचं दार उघडतच नाही, मागच्या दाराने जाते येते.

शेवटी वैशाखात, डोक्यावर ऊन असताना, संतोष पहार घेऊन निघाला. संगं मनीषा मॅडम आणि समितीतले दोघेतिघे. मोरीतच पाइपाचा सांधा फोडायचा आणि सिमेंट भरून टाकायचं.

आता इथं मी येतो.

मला आधी कुणकुण लागली होती. हे सगळे पुढच्या दाराने आत शिरले, तसा मी मागून अळवात शिरलो. बाहेर वैशाखाचं ऊन, कुत्र्यांच्या जिभा लोंबतायत, आणि आत, काय सांगू, थंड. विहिरीत उतरल्यासारखं. उजेड हिरवा, पाण्याखालचा. साबणाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि त्यात तिसरा एक, तंबाखू आणि घाम, फकिराच्या सदऱ्याला यायचा तसा. माझ्या अंगावर काटा आला, पण मी म्हटलं, दोस्ताच्या घरी आलोय, भ्यायचं काय? आडवा झालो. पाइपाचं तोंड सापडलं. कान लावला तर मोरीतलं सगळं ऐकू येत होतं, अगदी माझ्या कानात बोलल्यासारखं. संतोष म्हणत होता, काकू, बाजूला हो. गोजराबाई हलली नसावी. मग मॅडम म्हणाल्या, मावशी, या इकडे, या माझ्याजवळ.

मग पहार बसली. अख्खा पाइप थरथरला.

मी पाइपाला तोंड लावलं आणि फकिराच्या आवाजात म्हणालो, "संत्या, शर्ट वाळला का रं?"

बस. एवढंच. जास्त बोललो असतो तर आवाज पकडला असता त्यांनी.

पहार पडल्याचा आवाज झाला, फरशीवर घरंगळत गेली. कुणीतरी पळालं, चपला तिथंच टाकून. आणि मग गोजराबाई बोलली. भ्याली नाही, दचकली नाही. रोज बोलायची तशीच बोलली.

"अहो, तो मोठा झालाय आता. सरपंच हाय." आणि मग संतोषला, "इचारतायत ना तुला? सांग की."

मग संतोषचा आवाज आला, अगदी भोकाजवळून. तो खाली बसला असणार, गुडघ्यावर.

"वाळला, काका."

तो शर्ट काय, ते नंतर संतोषनेच पायरीवर बसून मॅडमना सांगितलं, आणि मग गावभर झालं. लहानपणी तो पाटाच्या चारीत पडला होता. फकिराने त्याला केसाला धरून वर ओढला. बाप मारेल म्हणून पोर रडायला लागलं, तर फकिराने त्याचा शर्ट पिळून बाभळीवर टाकला आणि वाळेपर्यंत त्याला उन्हात संगं घेऊन बसला. घडीघडीला विचारायचा, वाळला का रं? हे दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. संतोषच्या बापाला नाही, गोजराबाईलासुद्धा नाही.

त्या दिवशी पाइप फुटला नाही. पुढच्या आठवड्यात संतोषने स्वतः डोक्यावर पाट्या वाहून खडी आणली. पाइपाच्या तोंडाशी खळगा केला, त्यात खडी, वर वाळू, वर जाळी, आणि कडेने अळू तसंच. काम करताना त्याने चपला बाहेर काढल्या होत्या. पाणी आता वर दिसत नाही, डास धरत नाही. मॅडमनी मंजुरीत लिहिलं, शोभेचं झाड, खाण्यासाठी नाही. समितीत कुणी ब्र काढला नाही. नळ पुन्हा जोडला. आणि आता ज्यांचे खड्डे ढेकर देतात ते सगळे मॅडमच्या मागं लागलेत, आम्हालाही फकिरासारखं करून द्या म्हणून.

काय रे दीपक? मला शर्टाचं कसं माहीत? आता विचारलंस शहाण्यासारखं. अरे, फकिराने मला सांगितलं होतं. आम्ही बांधावर तंबाखू मळत बसायचो, दोघंच, तेव्हा. मेलेल्याचा आवाज काढायला नुसता गळा लागत नाही, दोस्ती लागते.

पण एक ऐका, बायांनो तुम्हीही. हे चाळीच्या बाहेर न्यायचं नाही. गोजराबाईला वाटतं की त्या दिवशी तोच बोलला. वाटू दे. तिला कळलं की पाइपाच्या त्या टोकाला बहिरू आडवा पडला होता, तर ती आज पुन्हा विधवा होईल. म्हणून मी तिच्यासमोर कधी बढाई मारली नाही. एवढं मोठं काम केलं आणि गप्प बसलो, माझ्यासारख्या माणसाने. यावर तरी विश्वास ठेवा.

लताबाई, हात का थांबवलास? कांदा निवड. बघतेस काय अशी माझ्याकडे?

"नाना, खोटं सांगून ऱ्हायले तुम्ही," लताबाई म्हणाली. "संतोषभाऊजींनी मोरीत पहार घातली त्या दिवशी तुम्ही नाशिकला दवाखान्यात व्हता. मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला पट्टी. मी उशाला बसलेली. दुपारी गोजराकाकूचा फोन आला तो मीच घेतला, 'आज हे बोलले गं' म्हनली. तुम्हाला सांगितलं, तं तुम्ही माझा हात धरला, तो पार दिवस मावळंपोत सोडला नाय."